टेक्सासमध्ये एलएलसी काढताना स्वतःच रजिस्टर्ड एजंट व्हावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मिस्टरांची कंपनी त्यांना एल-१ व्हिसावर डॅलसला पाठवते आहे, तुम्ही मुलीला घेऊन एल-२ वर जाणार आहात आणि नाशिकमध्ये चालणारं पॅकेजिंग डिझाइनचं काम तिथे एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढून पुढे न्यायचा विचार आहे. फॉर्ममध्ये 'रजिस्टर्ड एजंट', म्हणजे कंपनीच्या नावाने येणारे कोर्टाचे कागद घेणारा, हा रकाना आला आणि तिथे गाडी अडली. वर्षाला १२५ डॉलर देऊन एजंट घ्यायचा, स्वतःचंच नाव टाकायचं, की फ्रिस्कोत राहणाऱ्या मामेदिरांचा पत्ता द्यायचा?

मी इथे डॅलसच्या उत्तरेला छोट्या उद्योगांची हिशोबाची कामं करते, त्यामुळे हा रकाना सारखा नजरेखालून जातो. माझं उत्तर आधीच सांगते. पहिली दोन-तीन वर्षं पैसे देऊन एजंट घ्या. पुढे तुमचा पत्ता स्थिर झाला, दिवसा तिथे कोणी ना कोणी असायला लागलं, की खुशाल स्वतःचं नाव टाका. मामेदिरांना मात्र यात ओढू नका.

आपल्याकडे कंपनीला नोंदणीकृत कार्यालय लागतं. बाहेर नावाची पाटी लावली, पत्ता सरकारदरबारी कळवला की झालं. अमेरिकेत पत्त्याबरोबर एक माणूस किंवा संस्थाही नेमावी लागते. कंपनीवर कोणी दावा लावला तर त्याचे कागद कोणाच्या हातात द्यायचे, हे आधीच ठरलेलं असावं म्हणून ही तरतूद. टेक्सासचा नियम असा की एजंट म्हणून व्यक्ती नेमली तर ती राज्याची रहिवासी हवी, पत्ता खऱ्या इमारतीचा हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही, नुसती टपालपेटी भाड्याने देणाऱ्या दुकानाचा पत्ताही चालत नाही. कामकाजाच्या वेळेत तिथे गेलं तर कागद प्रत्यक्ष हातात देता आले पाहिजेत. कंपनी स्वतः स्वतःची एजंट होऊ शकत नाही, पण तुम्ही मालकीणबाई म्हणून होऊ शकता. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही, प्रश्न आहे तो तुमच्या पहिल्या काही वर्षांच्या राहणीचा.

ती राहणी कशी असते ते इथल्या कोणालाही विचारा. आधी महिनाभर कंपनीने दिलेली तात्पुरती जागा, मग अपार्टमेंटचा वर्षाचा करार. मुलीची शाळा पसंत पडली नाही की दुसऱ्या गावात दुसरं अपार्टमेंट. नोकरी गेली तर एल-१ वाल्याला नवी सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यात राज्य बदलायची वेळही येऊ शकते. शिवाय शाळेला सुट्टी लागली की भारतवारी, आणि एवढा खर्च करून गेल्यावर महिनाभराच्या आत कोणी परत येत नाही. या प्रत्येक हालचालीत तुमचं एजंटपण तुमच्याबरोबर हलत नाही. ते सरकारी नोंदीतल्या जुन्या दारावरच उभं राहतं.

आणि ते दारही सहज सापडेल असं नसतं. इथली बरीचशी अपार्टमेंट संकुलं गेटबंद असतात, कोड असल्याशिवाय आत जाता येत नाही. दाव्याचे कागद पोचवणारा प्रोसेस सर्व्हर, म्हणजे आपल्या कोर्टाच्या बेलीफाचं काम करणारा माणूस, दोन-चार वेळा येतो, गेटवरून परत जातो. समजा, त्या वेळी तुम्ही नाशिकला आहात. वाजवी प्रयत्न करूनही एजंट सापडला नाही असं दाखवता आलं, तर टेक्सासचा कायदा सांगतो की कंपनीच्या वतीने ते कागद राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, द्यावेत. तिथून ते नोंदीतल्या कंपनीच्या पत्त्यावर पोचपावतीच्या टपालाने जातात. तो पत्ताही जुन्याच अपार्टमेंटचा असेल तर तुम्हाला काहीच कळत नाही आणि घड्याळ मात्र सुरू झालेलं असतं.

हे घड्याळ फार वेळ देत नाही. टेक्सासच्या जिल्हा आणि काउंटी न्यायालयांत कागद बजावल्यापासून २० दिवस उलटल्यावर जो पहिला सोमवार येईल, त्या दिवशी सकाळी १० पर्यंत लेखी उत्तर दाखल व्हावं लागतं. छोट्या रकमांच्या जस्टिस कोर्टात मुदत १४ दिवसांची. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयात २१ दिवस. डिझाइनच्या धंद्यात कोण दावा लावणार, असं तुम्ही लिहिलंय. बहुधा कोणी लावणार नाहीच. पण लेबलवर वापरलेला एखादा फोटो किंवा अक्षरसंच कोणाच्या मालकीचा निघाला, तर कॉपीराइटचा दावा थेट फेडरल न्यायालयात जातो. मुदतीत उत्तर गेलं नाही तर समोरचा एकतर्फी निकाल मागू शकतो. तो नंतर रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी वकील लावावा लागतो आणि इथल्या वकिलाच्या एका तासाची फी एजंटच्या वर्षभराच्या फीपेक्षा सहज जास्त होते. १२५ डॉलर कशासाठी, याचं खरं उत्तर इथे आहे.

आता मामेदिरांबद्दल. आपल्या माणसाचा पत्ता देणं आपल्याला अगदी साहजिक वाटतं. पोस्टाची पत्रं, बँकेचं कार्ड, पहिलं ड्रायव्हिंग लायसन्स, सगळ्यासाठी आपण हेच करतो आणि फ्रिस्कोतले लोक आनंदाने करूही देतात. पण ही जबाबदारी वेगळी आहे. २०१० पासून टेक्सासमध्ये ज्याला एजंट नेमायचं त्याची लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक संमती आधी घ्यावी लागते. ४०१-ए या फॉर्मवर ती घेतात, फॉर्म सरकारला पाठवायची सक्ती नाही, पण कंपनीच्या कागदांत तो असायला हवा. सही केल्यावर कागद स्वीकारणं आणि तुमच्यापर्यंत पोचवणं हे त्यांचं कायदेशीर काम होतं. त्यांचं नाव आणि घराचा पत्ता राज्याच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट दिसतो. ते दिवसभर ऑफिसात, वहिनी शाळेत मुलांना आणायला गेलेल्या, आणि सुट्टीत तुम्ही नाशिकला असाल त्याच वेळी तेही पुण्याला. बिचाऱ्यांनी एखादा लिफाफा नुसताच कपाटात ठेवला, तर पुढे जे होईल त्यात नात्याचीही ओढाताण होते. माझ्या ओळखीच्या एका घरात असं झालेलं आहे. कागद साधे होते, प्रकरण मिटलंही, पण दोन्ही कुटुंबांचं बोलणं पहिल्यासारखं राहिलं नाही. त्यांच्याकडे जेवायला जा, मुलीला त्यांच्या मुलांबरोबर खेळू द्या. एजंट बाहेरचा घ्या.

पत्ता गुप्त राहावा म्हणून एजंट घ्या असं बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. एलएलसीच्या नोंदणीच्या २०५ नंबरच्या फॉर्ममध्ये कंपनी कोण चालवणार त्यांची नावं आणि पत्तेही द्यावे लागतात, तेही सार्वजनिक असतात. तिथे घराचा पत्ता टाकलात तर एजंटमागे लपून उपयोग नाही. लहान मुलगी घरात आहे, म्हणून हा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा वाटतो. त्या रकान्यात कामाचा किंवा टपालाचा वेगळा पत्ता देता येईल का, ते फॉर्म भरण्याआधीच बघून ठेवा. आणि नोंदणी झाली की सरकारी दिसणारी पत्रं येऊ लागतील: अमुक प्रमाणपत्र घ्या, कामगार कायद्याचं पोस्टर घ्या, एवढे डॉलर भरा. ती खाजगी कंपन्यांची जाहिरात असते. घाबरून पैसे भरू नका.

एजंटकडून काय मिळत नाही तेही सांगते, कारण इथे बऱ्याच जणांची अपेक्षा चुकते. साधारण १०० ते १५० डॉलरांत तो कोर्टाचे आणि राज्याचे कागद घेतो, स्कॅन करून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवतो. ग्राहकाचा चेक, बँकेचं पत्र, पार्सल हे त्याच्या कामात येत नाही, काही जण वेगळे पैसे घेऊन करतात. बऱ्याच बँका खातं उघडताना एजंटचा पत्ता धंद्याचा पत्ता म्हणून मानत नाहीत. दर वर्षी १५ मेपर्यंत राज्याच्या कम्प्ट्रोलरकडे, म्हणजे कर खात्याकडे, द्यायचा माहिती-अहवालही तुम्हालाच भरायचा आहे. उत्पन्न कमी आहे, कर बसत नाही म्हणून तो चुकवला, तर कंपनीचा टेक्सासमध्ये धंदा करण्याचा हक्क जाऊ शकतो. 'पहिलं वर्ष फुकट' अशा योजनेत दुसऱ्या वर्षाचा दर काय, तो आधी वाचा.

डेलावेअर किंवा वायोमिंगमध्ये स्वस्तात एलएलसी काढायचा सल्लाही तुम्हाला मिळालाय. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन शहरातल्या १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या एकाच इमारतीत अडीच लाखांहून जास्त कंपन्यांचा पत्ता आहे, ही गंमत खरी आहे. पण तुम्ही राहणार टेक्सासमध्ये, बसून काम करणार टेक्सासमध्ये. मग डेलावेअरमध्ये एक एजंट, तिथला वर्षाचा ३०० डॉलर कर, आणि वर टेक्सासमध्ये बाहेरची कंपनी म्हणून पुन्हा नोंदणी आणि दुसरा एजंट. एकट्या माणसाच्या डिझाइनच्या कामाला हे कशाला? टेक्सासमध्ये नोंदणीचे ३०० डॉलर एकदाच भरा आणि मोकळ्या व्हा.

माझी सगळ्यात कळकळीची सूचना वेळेबद्दल आहे. निघण्याआधी नाशिकमधूनच कंपनी काढून ठेवू, म्हणजे गेल्या गेल्या काम सुरू, असं तुमच्या मनात दिसतंय. तसं करू नका. तुम्ही तेव्हा टेक्सासच्या रहिवासी नसाल, म्हणजे स्वतः एजंट होण्याचा पर्यायच नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परदेशी कंपनीत भांडवल घातलं की ती फेमाखालची, म्हणजे आपल्या परकीय चलन कायद्याखालची, परदेशी गुंतवणूक ठरते, बँकेमार्फत 'एफसी' नावाचा फॉर्म, त्या गुंतवणुकीचा युनिक नंबर, पुढे दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंतचा अहवाल, हे सगळं मागे लागतं. आणि अनिवासी परदेशी मालक असलेल्या एकमालकी एलएलसीला अमेरिकेच्या आयआरएसकडे, म्हणजे केंद्रीय कर खात्याकडे, ५४७२ नंबरचा फॉर्म द्यावा लागतो. तुम्ही कंपनीत घातलेलं भांडवलसुद्धा त्यात दाखवायचं असतं. फॉर्म चुकला तर दंड २५,००० डॉलर. तिथे जाऊन स्थिरावेपर्यंत थांबलात तर यातलं बरंचसं टळू शकतं.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एल-१ वाल्यांच्या जोडीदाराला वेगळं वर्क परमिट काढावं लागत नाही. उतरल्यावर आय-९४ वर, म्हणजे देशात आल्याच्या सरकारी नोंदीवर, 'एल-२एस' (एल-२ वरचा जोडीदार) असं लिहिलेलं आहे ना, ते त्याच दिवशी तपासा. नुसतं 'एल-२' असेल तर दुरुस्त करून घ्या. मग सोशल सिक्युरिटी नंबर, मग एलएलसी, मग आयआरएसकडून ईआयएन, म्हणजे कंपनीचा कर-क्रमांक. तो फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. पुढे कधी मिस्टर एच-१बी या दुसऱ्या नोकरीच्या व्हिसावर गेले आणि तुम्ही त्यांच्या जोडीदार म्हणून एच-४ झालात, तर काम करण्याचा तुमचा हक्क आपोआप चालू राहत नाही. कंपनी मात्र कागदोपत्री जिवंत राहते, आणि एजंटही लागतोच. त्या बदलाआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या.

स्वतःचं नाव टाकायची वेळ आली हे कसं ओळखायचं? पत्ता दोन वर्षं बदललेला नाही आणि पुढेही बदलायचा विचार नाही. तुम्ही दिवसा तिथेच काम करता. लांब सुट्टीवर जाताना दार उघडणारं आणि आलेला कागद लगेच फोटो काढून पाठवणारं भरवशाचं मोठं माणूस तिथे आहे. मी स्वतः सुरुवातीला एजंट ठेवला होता, आता ऑफिसची जागा आहे आणि मदतनीस रोज येते, म्हणून माझंच नाव आहे. बदल करायला ४०१ नंबरचा फॉर्म आणि १५ डॉलर लागतात. आधी तो दाखल करा, राज्याच्या नोंदीत नवं नाव दिसेपर्यंत थांबा, आणि मगच जुन्या एजंटची कार्डावरून आपोआप जाणारी वर्गणी बंद करा.