जेकबसनचे इंद्रिय: घ्राणेंद्रिय की रसनेंद्रिय?

प्रश्न असा आला आहे: साप, पाली, घोरपडी यांच्या टाळूत जे 'जेकबसन्स ऑर्गन' असते, त्याला मराठीत काय म्हणावे, आणि ते सापाच्या भ्रूणात कसे घडते हे एका वाक्यात कसे लिहावे? ते तोंडात उघडते, जीभ त्याच्यासाठी राबते. मग सरळ 'रसनेंद्रिय' का म्हणू नये?

म्हणू नये. ते वासाचेच इंद्रिय आहे, आणि याची सर्वांत भक्कम साक्ष भ्रूणात मिळते. पूर्ण वाढलेल्या सापाच्या टाळूकडे पाहून फसायला होते, कारण तिथे नाकाचा आणि या इंद्रियाचा संबंध तुटलेला दिसतो. भ्रूणाच्या सुरुवातीच्या अवस्थेत मात्र दोन्ही एकच असतात. डोक्याच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना, बाह्यस्तराची एकेक जाडसर चकती तयार होते. ती आत खचते आणि नाकाचा खळगा बनतो. या खळग्याच्या आतल्या, म्हणजे मध्यरेषेकडच्या भिंतीला एक फुगवटा येतो. तोच आपल्या इंद्रियाचा आरंभ. पुढे टाळूच्या उती वाढत जातात, नाकाकडची वाट बुजते आणि एक बारीक नलिका तेवढी तोंडाकडे उघडी राहते. तळाकडून अळंबीसारखा एक उंचवटा आत शिरतो, त्यामुळे पोकळी चंद्रकोरीच्या आकाराची होते. वास ओळखणाऱ्या पेशींचा जाड थर त्या उंचवट्यावर नसतो, तर त्याच्या वरच्या बाजूच्या छताला असतो.

या पेशी स्वतःचे तंतू थेट मेंदूकडे पाठवतात. नाकातल्या गंधपेशीही हेच करतात. जिभेवरच्या रुचिपेशी असे करत नाहीत. त्यांचा निरोप दुसऱ्या चेतापेशी वाहून नेतात. म्हणून 'रसना' हा शब्द इथे जन्मानेही बसत नाही आणि रचनेनेही.

आता पर्यायी नावे पाहू. या इंद्रियाचे शास्त्रीय नाव 'वोमेरोनेझल ऑर्गन'. त्यातला 'वोमर' हा लॅटिन शब्द म्हणजे नांगराचा फाळ. नाकातल्या एका हाडाला आकारावरून ते नाव पडले. संस्कृतात सीर म्हणजे नांगर, म्हणून 'सीरिका' असा शब्द घडवता येतो. सापात हे इंद्रिय खरोखरच त्या हाडालगत असते, तेव्हा 'सीरिका-नासा इंद्रिय' चुकीचे नाही. पण वाचकाला त्यातून काहीच उमगत नाही, आणि परिभाषेने निदान एक दार तरी उघडायला हवे. 'सहायक घ्राणेंद्रिय' सोपे वाटते, तरी मला ते सापांच्या बाबतीत अन्यायाचे वाटते. भक्ष्याचा माग काढणे, जोडीदार ओळखणे ही कामे त्यांच्यात मुख्यतः याच इंद्रियावर चालतात. त्याला सहायक म्हणणे मला पटत नाही.

माझी पसंती 'जेकबसनचे इंद्रिय' या नावालाच. लुडविग जेकबसन या डॅनिश शल्यवैद्याने 19व्या शतकाच्या आरंभी सस्तन प्राण्यांत त्याचे सविस्तर वर्णन केले. पहिल्या उल्लेखात 'टाळूतील घ्राणेंद्रिय' अशी फोड द्यावी. 'अवयव' ऐवजी 'इंद्रिय' हाच शब्द हवा, कारण अवयव म्हणजे शरीराचा कोणताही भाग, तर इंद्रियाने काहीतरी जाणवते.

याच ओघात 'साप जिभेने वास घेतो' या वाक्याबद्दल. बोलताना चालेल, लिहिताना 'जिभेने वास वेचतो' म्हणावे. जीभ हवेतले आणि जमिनीवरचे रेणू उचलून तोंडात आणते. ओळखण्याचे काम टाळूतल्या पेशींचे. जिभेची टोके थेट नलिकांत खुपसली जातात ही समजूत क्ष-किरण चित्रफितींनी खोटी ठरवली आहे. दुभंगलेल्या जिभेमुळे डाव्या-उजव्या बाजूंचे वास वेगवेगळे येतात आणि मागाची दिशा कळते.

शेवटी 'गर्भ' की 'भ्रूण'? मादीच्या पोटातल्यासाठी दोन्ही चालतात. बाहेर घातलेल्या अंड्यातल्यासाठी मात्र मी 'भ्रूण'च लिहीन. पिल्ले घालणारे सापही असतात, त्यामुळे दोन्हींना लागू पडणारा हाच शब्द सोयीचा. मग विचारलेले वाक्य असे होईल: 'सापाच्या भ्रूणात जेकबसनचे इंद्रिय नाकाच्या खळग्यातून उगवते आणि पुढे तोंडात उघडते.'