पाण्याच्या मागे जा

प्रिय मुली,

तुझा जॉर्डनचा पाच दिवसांचा कार्यक्रम दोनदा वाचला. अम्मान, जेराश, मादाबा, मृत समुद्र, पेट्रा, वादी रम, अकाबा. आणि खाली तुझा प्रश्न : यातलं काय गाळू? काहीही गाळलं तरी रुखरुख लागेल.

अगं, रुखरुख लागणारच. कोणती चालेल तेवढं ठरव. माझं सांगणं एकच आहे, पाण्याच्या मागे जा. बाकीचं राहिलं तर राहू दे.

पेट्राला वर्षाकाठी जेमतेम 150 मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढ्यावर नबातियन लोकांनी, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे राज्य करणाऱ्या अरब व्यापाऱ्यांनी, हजारो माणसांचं शहर पोसलं. सिक म्हणजे शहरात शिरायची अरुंद घळ. तिच्यात शिरताच सगळे झपाझप चालू लागतात, कारण सव्वा किलोमीटरवर ‘खजिना’ म्हणतात त्या वास्तूची 40 मीटर उंच, कड्यात कोरलेली दर्शनी भिंत असते. तू घाई करू नकोस. एका कड्याला कोरलेली पन्हळ दिसेल, तिच्यावर नजर ठेवून चाल. समोरच्या कड्याला खापरी नळ आहेत, तुमच्या संभाजीनगरच्या नहरीत आहेत तसे, एकाच्या तोंडात दुसरा बसवलेला. लांबच्या ऐन मुसा झऱ्याचं पाणी यातून शहरात यायचं. उतार इतका बेताचा, की पाणी वाहत राहावं पण उसळू नये. मध्ये गाळ बसायला छोटी टाकी. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खजिन्यासमोर उभं राहण्यात काय अर्थ आहे, सांग बरं?

सिकच्या तोंडाशी लोंढा वळवणारा बांध आणि बोगदाही होता. बांध मोडकळीला आलेला असताना, 1963 साली अचानक आलेल्या पुरात वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी गेले. मग तो पुन्हा बांधावा लागला.

मला सलते ती हुमैमा, पेट्राहून वादी रमच्या वाळवंटाकडे जाताना लागणारी जुनी वस्ती. तिथे नबातियनांनी 26 किलोमीटरचा कालवा आणला होता. आमच्या सहलीच्या गाडीला वादी रमचा सूर्यास्त गाठायचा होता, ती थांबलीच नाही. तेव्हापासून मी घोळक्याबरोबर जात नाही. घरचे हेकट म्हणतात, म्हणू देत. मला जे बघायचं आहे ते दुसऱ्याच्या घड्याळावर दिसत नाही.

आणि हे सगळं जुनं म्हणून सोडू नकोस. अझराकचे झरे अम्मानला पाणी उपसून नेता नेता आटले. 2013 पासून राजधानीला तीनशेहून अधिक किलोमीटरवरून, दक्षिणेकडच्या दिसीच्या भूगर्भातलं पाणी येतं. तरीही अम्मानच्या गच्च्यांवर टाक्याच टाक्या दिसतील, कारण नळाला पाणी रोज येत नाही. मराठवाड्याच्या मुलीला हे समजावून का सांगायचं?

तर जेराश काढ, मादाबा काढ. पेट्राचं तिकीट तीन दिवसांचं घे. एका दिवसाला 50 दिनार, तिन्हीला 60, मग कंजुषी कशाला? पुराचा इशारा असेल त्या दिवशी सिक बंद ठेवतात. म्हणून एक दिवस हाताशी राख, आणि तो अकाबाच्या किनाऱ्यावर घालवू नकोस, हुमैमाला जा.