मंदीत निम्म्या किमतीत मिळणारी कंपनी घेण्याआधी काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की मंदीमुळे एक चालू कंपनी निम्म्या किमतीत मिळतेय, मालक महिनाभरात व्यवहार उरका म्हणतोय, आणि नेमकं काय तपासायचं ते कळत नाही. खरेदीआधीच्या अशा तपासण्या हेच माझं काम आहे. माझ्या मते सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधा: धंदा मंदीमुळे आजारी पडला, की आधीपासूनच आजारी होता आणि मंदीचं निमित्त झालं?

ऑडिट झालेले तीन वर्षांचे ताळेबंद तुम्हाला मिळतील. ते वाचा, पण तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर किंमत ठरवू नका. त्यात चांगले दिवस मिसळलेले असतात. गेल्या २४ ते ३६ महिन्यांची विक्री महिनावार आणि ग्राहकवार मागा. मंदी यायच्या आधीच मोठे ग्राहक गळायला लागले असतील, तर मंदी सरली तरी ते परत येणार नाहीत. मधल्या काळात सरकारी मदत किंवा हप्त्यांना सवलत मिळाली असेल, तर ती वजा करून नफा पुन्हा मांडा.

मग खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा. इथे खरंच वेळ द्या. बँकेत शिल्लक भरपूर दिसते, मालकही ती आवर्जून दाखवतो, पण पुरवठादारांची यादी काढली की कळतं, पूर्वी ४५ दिवसांत मिळणारे पैसे आता १०० दिवस झाले तरी दिलेले नाहीत. म्हणजे ती शिल्लक दुसऱ्यांच्या पैशांची आहे. ताबा घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते सगळे तुमच्या दारात उभे राहतील.

येण्यांचंही तसंच. एका तपासणीत सगळी उधारी ६० दिवसांच्या आतली दिसत होती. मंदीत इतकी चोख वसुली? मला खटकलं. क्रेडिट नोटांची, म्हणजे आधीचं बिल कमी किंवा रद्द केल्याच्या कागदांची, फाईल मागवली. जुनी बिलं क्रेडिट नोट काढून रद्द केलेली, आणि त्याच दिवशी त्याच ग्राहकाच्या नावे, पैशापैशाला तेवढ्याच रकमेची नवी बिलं. माल गोदामातून हललाच नव्हता. वर्षभर थकलेली उधारी फक्त तारीख बदलून ताजी केली होती. म्हणून बिलांसोबत डिलिव्हरी चलन बघा आणि नंतर बँकेत पैसे खरंच आले का ते जुळवा. साठा मोजायला स्वतः गोदामात जा, खोकी उघडायला लावा.

करार करताना विक्रेता लिहून देईल की लपलेली देणी निघाली तर मी भरेन. मंदीत या हमीवर फार भिस्त ठेवू नका, कारण उद्या तोच दिवाळखोरीत गेला तर वसूल कोणाकडून करणार? त्यापेक्षा किमतीचा काही भाग वर्ष-दीड वर्ष त्रयस्थाकडे अडकवून ठेवा. आणि अडचणीतल्या माणसाकडून फारच कमी भावात घेतलं, तर पुढे त्याचे धनको तो व्यवहार कोर्टात उलटवायचा प्रयत्न करू शकतात. बऱ्याच देशांत तशी तरतूद आहे. स्वतंत्र मूल्यांकन करून घ्या आणि अहवाल जपून ठेवा.

जुन्या देण्यांचा फटका मोठ्यांनाही बसतो. बँक ऑफ अमेरिकाने जानेवारी २००८ मध्ये गृहकर्ज देणारी कंट्रीवाइड सुमारे ४ अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. तेव्हा स्वस्त वाटलेल्या त्या खरेदीबरोबर जुन्या कर्जांचे खटलेही आले. २०१४ मध्ये बँकेने अमेरिकी न्याय विभागाशी १६.६५ अब्ज डॉलरची तडजोड केली. ती सगळी कंट्रीवाइडपायी नव्हती, पण त्या कंपनीची जुनी कर्जं त्यात होती. म्हणूनच चालू खटले, थकलेले कर आणि कामगारांची देणी वकिलाकडून तपासून घ्या. पूर्ण कंपनी घेण्याऐवजी फक्त यंत्रं, ब्रँड आणि ऑर्डरी घेता येतील का, हेही त्यालाच विचारा. कंपनीच्या कर्जाचे करारही वाचायला हवेत. मालकी बदलली की सगळं कर्ज एकदम फेडा, असं कलम त्यात अनेकदा असतं.

घाईबद्दल एवढंच सांगतो: मंदीत विकणारे पुष्कळ असतात, घेणारे कमी. महिन्याची मुदत मालकाची आहे, तुमची नव्हे. त्याला आजच पत्र देऊन महिनावार विक्री, येणी-देणी आणि बँक स्टेटमेंट मागा. यातलं काही द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर बयाणा देऊ नका. कागद हातात आले की सगळ्यात मोठ्या पाच ग्राहकांचा विक्रीत किती वाटा आहे ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.