भाचीस पत्र: पिस्तुलाचा परवाना आणि हरणांचा कायदा

चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या टिपणाचा मसुदा काल रात्री वाचून काढला. तळटीपा चोख आहेत. पण पहिल्याच पानावर 'वेडेपणा' या अर्थाचे तीन शब्द आहेत आणि कायद्याची कसोटी उगवते ती थेट सातव्या पानावर. ज्या न्यायाधीशांकडे तू उन्हाळ्यापुरतं काम करते आहेस, त्यांना तुझा राग नको आहे. तो त्यांच्याकडे स्वतःचा असेल. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगण्याबद्दल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने काय सांगितलंय आणि समोरच्या दाव्याला ते कसं लागतं, एवढंच त्यांनी विचारलंय.

पुण्याहून येऊन तुला जेमतेम वर्ष झालं, त्यामुळे राग समजतो. आपल्या घटनेच्या 19व्या कलमात एकत्र जमायचा हक्क आहे तोच मुळी शस्त्राशिवाय जमायचा; इथे 1791 पासून, घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने, शस्त्र बाळगणं हाच हक्कांच्या यादीत. मी तीस वर्षं न्यू जर्सीत काढली, बंदुकीला हात लावला नाही आणि लावणारही नाही. पण माझं मत हा माझा घरचा मामला.

तू न्या. पोस्नर यांचा निकाल वाचला नाहीस, इथे तुझं चुकलं. सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या हेलर निकालाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला, 5 विरुद्ध 4 मतांनी. 2010 च्या मॅकडोनाल्ड निकालाने तो राज्यांवरही बंधनकारक केला. प्रश्न उरला उंबरठ्याबाहेरचा. शिकागोच्या अपील कोर्टातल्या न्या. रिचर्ड पोस्नर यांनी हेलरवर त्याच वर्षी जाहीर टीका केली होती. पुढे इलिनॉयचा खटला त्यांच्याच पुढ्यात आला. पिस्तूल घेऊन बाहेर पडायला सरसकट बंदी असलेलं तेवढं एकच राज्य उरलं होतं. डिसेंबर 2012 मध्ये पोस्नरनी ती बंदी उडवली आणि नवा कायदा करायला 180 दिवस दिले. म्हणाले, हक्क स्वसंरक्षणाचा असेल तर तो दारापाशी कसा थांबेल? पस्तिसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटपेक्षा धोक्याच्या वस्तीतल्या फुटपाथवर हल्ला व्हायची शक्यता जास्त. जो निकाल मनापासून पटलेला नाही, तो त्यांनी इतक्या सरळपणे लागू केला. ती पानं दोनदा वाच. असं लिहायला काय लागत असेल, याचा मला अजून हेवा वाटतो.

आता सुप्रीम कोर्टाचा ब्रूएन निकाल. तारीख 23 जून 2022, मतं 6 विरुद्ध 3. न्यूयॉर्कमध्ये बाहेर पिस्तूल नेण्याच्या परवान्यासाठी 'योग्य कारण' दाखवावं लागे, आणि चारचौघांना असते तसली भीती हे कारण धरत नसत. एका अर्जदाराने आपल्या भागात झालेल्या चोऱ्यांकडे बोट दाखवलं. त्याला उत्तर आलं की शिकार, मासेमारी, भटकंती वगैरेसाठी ने, पण लोकांची ये-जा असलेल्या कुठल्याही ठिकाणी नको. त्या पत्रात 'कुठल्याही ठिकाणी' हे शब्द मोठ्या अक्षरांत होते. निकालपत्रात ते तसेच उतरवले आहेत, बघ.

हे वाचताना मला माझे एक जुने अशील आठवतात. गॅस स्टेशन चालवायचे, रात्री अकराला गल्ला घेऊन घरी निघायचे. शेजारच्या पंपावर दोनदा दरोडा पडला तेव्हा अर्ज करायचं ठरवलं. इथे न्यू जर्सीतही तेव्हा 'सबळ गरज' दाखवावी लागे: तीन प्रतिष्ठितांची शिफारस, आधी पोलीसप्रमुख, मग न्यायाधीश. दरोडा शेजारी पडला, तुमच्यावर थेट धमकी कुठाय, म्हणून नकार. मला तेव्हा मनातून बरं वाटलं होतं, हे तुला म्हणून सांगतो. ब्रूएनचा निकाल लागला त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मी म्हटलं, आता मिळेल. क्षणभर गप्प राहिले. म्हणाले, "मला मिळेल हो, पण काउंटरपुढे जो येईल त्यालाही मिळेल ना?" त्यांनी अर्ज केलाच नाही.

ब्रूएनमध्ये बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्या. थॉमस यांनी नुसता न्यूयॉर्कचा नियम मोडला नाही, मोजायची फूटपट्टीच बदलली. एका पारड्यात हक्क, दुसऱ्यात लोकांची सुरक्षितता, हे तोलणं बंद. वागणं दुसऱ्या दुरुस्तीच्या शब्दांत बसत असेल, तर त्यावरचा निर्बंध देशाच्या जुन्या परंपरेत बसतो हे सरकारने सिद्ध करायचं. तुझ्या मसुद्यातले मृत्यूंचे आकडे इथेच अडतात. न्या. ब्रायर यांनी आपलं विरोधी मत अशाच आकड्याने सुरू केलंय: 2020 मध्ये बंदुकीने 45,222 मृत्यू. आकडा खरा आहे, अंगावर काटा आणणारा आहे, पण या कसोटीत त्याला खुर्ची नाही. तुझी सात पानं म्हणजे हरलेल्या बाजूचं टिपण आहे. ते मत म्हणून जरूर दे, पण ते विरोधी मत आहे असं स्पष्ट लिहून.

आणि कोण कुठल्या बाजूला, हे गृहीत धरू नकोस. ब्रॉन्क्समध्ये गरिबांचे फौजदारी खटले चालवणारे सरकारी बचाव-वकील आणि लीगल एड या मोफत कायदेमदत संस्थेतले कृष्णवर्णीय वकील ब्रूएनमध्ये परवाना मागणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. परवान्याशिवाय पिस्तूल सापडलं म्हणून तुरुंगात कोण जातं, हे त्यांनी रोज पाहिलेलं. तुझ्या मसुद्यात ही मंडळी कुठेच नाहीत.

इतिहासाची कसोटी सोपी असेल असं मात्र समजू नकोस. 1328 चा इंग्लंडमधला नॉर्दॅम्प्टनचा कायदा पुढे केला, तर थॉमस म्हणाले, हा तर काळ्या प्लेगच्याही आधीचा. मग किती जुनं म्हणजे योग्य जुनं? 2024 च्या रहिमी निकालात कोर्टाने थोडी ढील दिली: हुबेहूब जुना कायदा नको, तत्त्व जुळलं तरी चालेल. 8 विरुद्ध 1. विरोधात एकटे थॉमसच, म्हणजे ज्यांनी कसोटी लिहिली तेच.

म्हणून तुला गृहपाठ. हवाईने नियम केला की दुकान, हॉटेल अशा खासगी पण लोकांना खुल्या जागेत मालकाने आधी हो म्हटल्याशिवाय पिस्तूल न्यायचं नाही. हवाई ज्याच्या हद्दीत येतं त्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने सप्टेंबर 2024 मध्ये तो उचलून धरला, मुख्यतः दोन जुन्या कायद्यांच्या आधारावर. एक 1865 चा लुइझियानाचा. त्यावर आक्षेप असा की तो नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना दाबण्याच्या कायद्यांच्या माळेतला. दुसरा आपल्याच न्यू जर्सीचा, 1771 चा: हरणं आणि इतर शिकार राखावी, बंदूक घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत कोणी घुसू नये, म्हणून केलेला.

रविवारी जेवायला ये. त्या हरणांच्या कायद्याची प्रत मी काढून ठेवतो. तो होनोलुलूच्या सुपरमार्केटला लागतो, अशी दोन पानं लिहून आण. लागत नाही, अशी दोन. कुठली दोन तुला पटतात ते कागदावर कळू देऊ नकोस. मामी ओळखते का बघू.

तुझा,
मामा