मॅक्रमे जरूर करा, पण त्याच्या जिवावर पॉलिसीचा हप्ता भरू नका

कराडच्या एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं: ‘वय 34. मिस्टर 38 वर्षांचे, खासगी नोकरी, हातात 42 हजार. घराचा हप्ता 14 हजार, अजून 11 लाख फेडायचेत. दोन मुलं शाळेत. यूट्यूबवर बघून मॅक्रमे, म्हणजे दोरीला गाठी मारून वस्तू करायचं काम, शिकले, कुंडी टांगायची तीन हँगर शेजारी 350 रुपयांना एक अशी विकली. आता कोर्स 18 हजार, 20 किलो दोरी 9 हजार, स्टँड वगैरे 3 हजार. यासाठी सोनं तारण ठेवावं का? महिन्याला दहा हजार सुटले तर माझ्या पॉलिसीचा लाखाचा हप्ता निघेल. मागचा हप्ता बांगड्या ठेवून 90 हजार उचलून भरला. बँकेत एफडीचं नूतनीकरण करायला गेले होते, तेव्हा एफडीसारखीच आहे म्हणून ही पॉलिसी दिली. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 22 लाख. तिसरा हप्ता दोन महिन्यांनी आहे.’

ताई, सोनं ठेवू नका. कोर्स नको, 20 किलो दोरीही नको. दोरीचं पुढे सांगते, कारण तुमच्या घराला खरा धोका त्या पॉलिसीचा आहे.

एफडी करायला आलेल्या बाईच्या हातात दहा वर्षांच्या हप्त्यांचा फॉर्म द्यायचा, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे आणि दर वेळी तितकाच संताप येतो. लाख-लाख दहा वर्षं भरून विसाव्या वर्षी 22 लाख, म्हणजे परतावा जेमतेम पाच टक्के. तेच पैसे पीपीएफ या सरकारी बचत योजनेत 7.1 टक्क्यांनी वाढले असते तर साडेएकोणतीस लाखांच्या आसपास झाले असते. आणि हा हप्ता तुम्ही सोनेतारण कर्जातून भरलात! बँक सोन्यावर जे व्याज घेते ते या पॉलिसीच्या परताव्यापेक्षा जास्तच असतं.

त्याहून मोठी चूक पुढे आहे. पॉलिसी तुमच्या नावावर आहे, म्हणजे विमा तुमच्या जिवाचा. कमावतात मिस्टर, आणि त्यांच्या विम्याबद्दल पत्रात एक शब्द नाही. उद्या त्यांना काही झालं तर 11 लाखांचं कर्ज, दोन मुलं आणि पगार बंद. या पॉलिसीतून तेव्हा तुम्हाला एक रुपया मिळणार नाही. म्हणून पहिलं काम, याच महिन्यात मिस्टरांच्या नावावर एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला साधारण 15 ते 20 हजारांत बसतो. प्रकृतीची माहिती खरी भरा, काही लपवू नका.

टर्म विमा हातात पडल्यावर जुनीकडे वळा. दोन हप्ते पूर्ण भरलेल्या अशा पॉलिसीत सरेंडर केल्यावर, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे मागितल्यावर, सहसा किमान 30 टक्के, म्हणजे 60 हजार मिळतात. 1 लाख 40 हजार बुडाले हे कडू आहे. आता तुम्ही म्हणाल, इतके गेलेच आहेत तर चालूच ठेवू. तोही हिशेब केला. हे 60 हजार आणि पुढचे आठ हप्ते पीपीएफमध्ये टाकलेत तर शेवटी 24 लाखांच्या आसपास होतात, पॉलिसीत 22. फरक फार नाही, हे मान्य. पण पीपीएफला वर्षाला 500 रुपये टाकले तरी खातं चालू राहतं. पॉलिसी मात्र लाखच मागते, आणि तुमच्याकडे तो नाही. म्हणून सरेंडर करा आणि मिळालेल्या पैशांतून आधी बांगड्यांचं कर्ज कमी करा.

त्याआधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा: एफडी सांगून पॉलिसी विकली. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तुमच्यासाठी पुण्याचं कार्यालय, फी लागत नाही. पूर्ण पैसे परत मिळतीलच असं नाही, पण एका अर्जाची मेहनत नक्की घ्या.

आता दोरी. 90 सेंटिमीटरच्या हँगरसाठी दुमडून टांगायची प्रत्येक दोरी तयार लांबीच्या आठपट कापतात, म्हणजे सात मीटरच्या वर. चार दोऱ्या आणि बांधायच्या गाठी धरून 30 मीटर. तुम्ही लिहिलेल्या 450 रुपये किलोच्या दोरीत 200 मीटर येत असतील, तर दोरी 70 रुपयांची, कडी-पॅकिंग धरून 90. 350 ला विकलंत तर सुटले 260, आणि गेले अडीच-तीन तास. दहा हजारांसाठी महिन्याला जवळपास 40 हँगर, शंभरावर तास. कुरिअर आणि परत आलेला माल यात धरलेलाच नाही. शेजारणी दर महिन्याला 40 घेणार नाहीत.

म्हणून दोन किलो पांढरट दोरी, लाकडी कड्या, मोजायची टेप, कात्री आणि झालरीचे धागे मोकळे करायला जुना कंगवा, एवढंच घ्या. सगळं 1,300-1,400 त. स्टँडची गरज नाही, कपडे वाळवायच्या दांडीवर छान काम होतं. लार्क्स हेड, स्क्वेअर नॉट, हाफ हिच या गाठी तुम्हाला येतातच, नाहीतर हँगर झालीच नसती. वहीत प्रत्येक वस्तूला किती मीटर कापली आणि किती उरली ते लिहा. नफा तिथेच सांडतो. दोन किलोंत तेरा हँगर होतील. ती सगळी विकली गेली तरच त्या पैशांतून पुढची दोरी आणा, आणि पावसाळ्यापूर्वी साठा करू नका, दमट हवेत सुती दोरीला बुरशी धरते.

हँगरचे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका. वेगळं बचत खातं काढा, तुमच्या एकटीच्या नावाचं.