विमानाच्या पंखांवर बर्फ का साचत नाही?

साचतो, पण साचू देत नाहीत. बहुतेक जेट विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून गरम हवा काढतात, ती साधारण 200 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात आणि पंखाच्या पुढच्या कडेतल्या, बारीक भोकं असलेल्या नळीत सोडतात. ही हवा पत्र्याला आतून शेकते आणि खालच्या फटींतून बाहेर पडते. अख्खा पंख मात्र तापवत नाहीत. एअरबस ए320 मध्ये प्रत्येक बाजूच्या पाच स्लॅटपैकी (पंखाच्या पुढच्या कडेचे सरकते भाग) बाहेरचे तीनच गरम होतात, कारण इंजिनातून हवा काढली की इंधन जास्त जळतं. बोइंग 787 मध्ये हेच काम विजेवर चालतं. एटीआरसारख्या प्रोपेलरच्या विमानांत पंखाच्या कडेवरच्या रबरी पट्ट्या फुगवून बर्फ तडकवतात.

जमिनीवर ही यंत्रणा उपयोगाची नाही. तिथे फवारा लागतो. आधी ग्लायकॉल-पाण्याचं गरम, नारिंगी मिश्रण (टाइप 1) बर्फ धुऊन काढतं, मग दाट हिरवं टाइप 4 वर थर धरून राहतं आणि धावपट्टीवर वेग वाढला की वाऱ्याने ओघळून जातं. नवा बर्फ रोखण्याची त्याची मुदत हवामानानुसार ठरते. उड्डाणाआधी ती संपली तर सहसा पुन्हा फवारणी. कंटाळवाणं, पण सँडपेपरइतका खरखरीत थरसुद्धा पंखाची उचल चांगलीच घटवतो.