पाय सुधारतोय, पण कुत्रा गुरगुरतोय

"ऑपरेशननंतर भुऱ्या बदललाय. काल मुलीवर गुरगुरला. त्याला घरात ठेवायचं का?" असं विचारत मुलीची आई माझ्याकडे आली, तेव्हा चार वर्षांच्या भुऱ्याच्या मागच्या पायात प्लेट बसवून 18 दिवस झाले होते. मुलगी नऊ वर्षांची. (कुत्र्याचं नाव बदललं आहे.)

नुसतं 'गुरगुरला' यावरून काही ठरत नाही. आईने प्रसंग लिहून आणले. चारही वेळा तो पडून होता आणि मुलगी दुखऱ्या बाजूने गेली होती. मोबाइलवरच्या व्हिडिओत तर सगळा क्रमच होता: त्याने ओठांवरून जीभ फिरवली, मान वळवली, अंग ताठ केलं. तरीही हात कमरेकडे सरकला, तेव्हा गुरगुरला. वडील त्यावर ओरडायचे. ते आधी थांबवलं. ओरडल्याने गुरगुर बंद होते, दुखणं नाही. मग कुत्रा न सांगता चावू शकतो.

चौकशीत कळलं, 'चालतोय की आता' म्हणून वेदनाशामक गोळी घरच्यांनीच लवकर बंद केली होती. डॉक्टरांशी बोलून ती पुन्हा सुरू झाली. (माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेततं.)

खरा घोळ मात्र आजोबांच्या मायेत होता. कोंडलेलं बघवत नाही म्हणून दुपारी पिंजरा उघडायचे आणि भुऱ्या थेट सोफ्यावर. ठणका लवकर उतरतो. हाड सांधायला मात्र पूर्ण वाढलेल्या कुत्र्यात साधारण 8 ते 12 आठवडे लागतात, आणि ते सांधलं की नाही हे एक्स-रेवरच कळतं. मधल्या काळात उड्या मारल्या तर स्क्रू सैल होतात, प्लेट वाकते. पिंजरा माणसांत, बैठकीत आणला. आजोबांना काम दिलं: दिवसातून चार-पाच वेळा, पाच मिनिटं, शी-शूपुरतं बाहेर, आखूड पट्टा, पोटाखालून टॉवेलची झोळी, गुळगुळीत फरशीवर रबरी चटई.

मुलगी शेवटी बोलली. भुऱ्याच्या पायाला लागलं त्या दिवशी फाटक तिच्याकडून उघडं राहिलं होतं. ती सॉरी म्हणायलाच जवळ जात होती. फाटक बघणं मोठ्यांचं काम, हे आईवडिलांनी तिला स्वतः सांगितलं. आता मोठं माणूस शेजारी असतानाच ती समोरून जाते, छातीवर तीन सेकंद हात ठेवते, काढते; तो पुढे सरकला तरच पुन्हा. काय दिसतंय ते टिपायची वहीही तिच्याकडेच आहे: जखमेला वास, सुजलेली बोटं, टेकत असलेला पाय अचानक उचलून धरणं. यातलं काहीही दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.